चेहरा राहिला, नाव हरवले

१८४७ सालची गोष्ट. पॅरिस शहरात फ्रान्स्वा रूद या नामवंत शिल्पकाराची कार्यशाळा होती. पॅरिसच्या विजयकमानीवरील स्वयंसैनिकांचे आवेशपूर्ण उत्थितशिल्प घडवणारा तो हाच रूद. त्याच्या हाताखाली अनेक तरुण शिकत असत. एके दिवशी तेथे सुदानकडचा एक कृष्णवर्णीय पुरुष आला. त्याचे नाव सैद एन्केस. पूर्वी तो गुलाम होता; आता मुक्त होऊन चित्रकार-शिल्पकारांसमोर मॉडेल म्हणून उभा राहायचा आणि त्यावर पोट भरायचा. रूदच्या शिष्यांत शार्ल कोर्दिए नावाचा विशीचा एक मुलगा होता. उत्तर फ्रान्समधील कांब्रे गावी १८२७ साली त्याचा जन्म झाला होता. सैदला पाहताच तो भारावून गेला आणि पंधरा दिवसांत त्याने त्याचा अर्धपुतळा घडवला.

त्या पंधरा दिवसांच्या कामाने कोर्दिएचे सारे आयुष्य बदलून टाकले. सैदच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न मात्र फार उशिरा विचारला गेला. आज हा पुतळा लंडन, पॅरिस, अमेरिका येथील संग्रहांत आहे. खांद्यांवरून घेतलेले घडीदार वस्त्र, ताठ मान आणि कोणाचीही भीड न बाळगणारी नजर! दीड शतकाहून अधिक काळ तो चेहरा जगाकडे तसाच पाहतो आहे. पण त्या चेहऱ्याचे नाव वाटेत कुठे तरी गळून पडले. ते कसे गळाले आणि कोणी गाळले, याचा शोध घेणे हाच या लेखाचा हेतू आहे.

‘पूर्व’ म्हणजे नेमकी कोठली?

एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच कलेत एक मोठा प्रवाह होता. त्याला ‘ओरिएंटलिझम’, म्हणजे पौर्वात्यवाद, असे म्हणतात. नेपोलियनने १७९८ साली इजिप्तवर स्वारी केली, तेव्हा सैनिकांबरोबर विद्वान आणि चित्रकारही नेले होते. पुढे १८३० साली फ्रेंच सैन्याने अल्जिअर्स शहर जिंकले आणि अल्जीरियाच्या रक्तरंजित जिंकणीला प्रारंभ झाला. त्या प्रदेशांतील बाजार, घोडेस्वार, वाळवंट, पडद्याआडच्या स्त्रिया यांचे वेड पॅरिसला लागले. चित्रकारांनी ते रंगवले, लेखकांनी वर्णिले आणि शिल्पकारांनी ब्राँझमध्ये ओतले.

आपणा भारतीयांना ‘पौर्वात्य’ म्हटले की आपलाच देश, फार तर चीन-जपान आठवतो. पॅरिसकरांच्या मनातील पूर्व मात्र अल्जीरिया, मोरोक्को, इजिप्त, तुर्कस्तान येथे वसलेली होती. नकाशा उघडून पाहिला तर मौज वाटते. अल्जिअर्स पॅरिसच्या पूर्वेला नाहीच. ते जवळजवळ सरळ दक्षिणेला आहे. मोरोक्को तर पॅरिसच्या नैर्ऋत्येला येतो. ज्या देशांना ‘पूर्व’ म्हटले गेले, त्यांची दिशा होकायंत्राने ठरलेली नव्हती. जे आपल्यासारखे नाहीत ते सारे पूर्वेचे, असा तो हिशेब होता. एडवर्ड सैद या पॅलेस्टिनी-अमेरिकन विचारवंताने १९७८ साली ‘ओरिएंटलिझम’ याच नावाचा ग्रंथ लिहून या दृष्टीची कठोर चिकित्सा केली. जो दुसऱ्याचे वर्णन करतो, तो त्या वर्णनातून त्याच्यावर सत्ताही गाजवतो, हे त्याच्या विवेचनाचे सार आहे.

हे सारे शिल्पकार पूर्वेला गेलेही नव्हते. आंत्वान-लुई बारी हा ब्राँझमधील प्राणिशिल्पांचा सर्वश्रेष्ठ कलावंत. १८३१ सालच्या प्रदर्शनात त्याचे ‘सुसरीला फाडून खाणारा वाघ’ हे शिल्प गाजले. त्यातील सुसर आपल्या गंगेतील, लांब निमुळत्या तोंडाची. बारीने गंगा कधी पाहिली नव्हती. पॅरिसच्या ‘जार्दँ दे प्लांत’ या उद्यानातील पिंजऱ्यांपुढे बसून तो जनावरे न्याहाळायचा, मेलेल्या जनावरांच्या अंगांची मापे घ्यायचा. पुढे ओर्लेआंच्या ड्यूकने जेवणाच्या मेजावर मांडण्यासाठी त्याच्याकडून शिकारीची शिल्पे करवून घेतली. त्यांत हत्तीवर बसलेले भारतीय शिकारी वाघाशी झुंजताना दिसतात. मेजवानीला आलेल्या पाहुण्यांना हिंदुस्थान दिसला तो असा, पानाफुलांच्या सजावटीत ठेवलेल्या शोभेच्या वस्तूसारखा! बारीच्या कलेत कमालीची ताकद आहे, यात शंका नाही. पण वाघाची मापे घेता येतात, तशी माणसाचीही मापे घेऊन त्याला जाणता येईल काय? कोर्दिएच्या कथेत हाच प्रश्न पुन्हा येणार आहे.

ब्राँझचे शास्त्र आणि बाजार

ब्राँझ म्हणजे तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू. पुतळ्यांसाठी साधारणपणे नऊ भाग तांबे आणि एक भाग कथील घेतात. आपल्या चर्चच्या घंटेचा धातू हा त्याचाच सख्खा भाऊ; फक्त तिच्यात कथील अधिक असते, म्हणून ती नाद करते. पुतळा ओतण्याच्या दोन मुख्य रीती होत्या. एका रीतीत मेणाच्या प्रतिकृतीभोवती मातीचा साचा करून तो तापवतात. मेण वितळून वाहून जाते आणि त्या पोकळीत रस ओततात. आपल्याकडील मूर्तिकारांनाही ही रीत प्राचीन काळापासून अवगत आहे. दुसरी रीत वाळूच्या साच्याची. प्लास्टरच्या नमुन्यावर बारीक, ओलसर वाळू घट्ट दाबून साचा करायचा, पुतळ्याचे भाग वेगवेगळे ओतायचे, मग ते जोडून छिन्नी-कानसीने साफ करायचे. शेवटी उष्णता आणि रसायने यांच्या साहाय्याने पृष्ठभागावर तपकिरी, काळी किंवा हिरवट छटा आणायची. वाळूच्या रीतीने एकाच नमुन्यावरून अनेक प्रती काढणे सोपे जाई.

त्यातच एका यंत्राची भर पडली. आशिल कोलास याने १८३६ च्या सुमारास पुतळ्याची लहान प्रतिकृती बिनचूक कापून देणारे यंत्र तयार केले. त्याची एक सुई मूळ पुतळ्यावरून फिरते आणि तिला जोडलेले पाते त्याच हालचाली लहान प्रमाणात करीत दुसऱ्या ठोकळ्यातून प्रतिकृती कोरते. १८३८ साली फेर्दिनां बार्बेदिएन या उद्योजकाने कोलासशी भागीदारी केली आणि पुढे त्यांची ओतशाळा सर्व युरोपात प्रसिद्धीस आली. पूर्वी पुतळा ही राजेरजवाड्यांची आणि देवालयांची मिरास होती. आता वकील, डॉक्टर, व्यापारी यांच्या दिवाणखान्यातील शेगडीवरच्या फळीवर, घड्याळाच्या शेजारी ब्राँझचा अरब घोडेस्वार किंवा अल्जीरियाची स्त्री दिमाखाने उभी राहू लागली. ज्या देशात त्यांचे सैन्य गावे जाळीत होते, त्याच देशातील माणसे त्यांच्या घरांची शोभा वाढवीत होती. ही विसंगती त्या काळी फार थोड्यांना जाणवली.

गुलामगिरीचा अंत आणि एक अर्धपुतळा

आता सैदकडे परत येऊ. कोर्दिएने केलेला अर्धपुतळा १८४८ सालच्या ‘सालों’मध्ये, म्हणजे पॅरिसच्या सरकारी कलाप्रदर्शनात, प्लास्टरमध्ये मांडला गेला. ते वर्ष फ्रान्सच्या इतिहासात विलक्षण ठरले. फेब्रुवारीत क्रांती झाली, राजा पळाला आणि प्रजासत्ताक आले. त्या वर्षी प्रदर्शनासाठी परीक्षक मंडळच नव्हते. ज्याने कलाकृती पाठवली त्याची ती मांडली गेली. आणि २७ एप्रिल १८४८ रोजी हंगामी सरकारने फ्रेंच वसाहतींतील गुलामगिरी रद्द करणारा हुकूम काढला. व्हिक्टर शेल्शेर या झुंजार सुधारकाने त्यासाठी जिवाचे रान केले होते. सुमारे अडीच लाख माणसे मुक्त झाली. खरे तर फ्रान्सने १७९४ सालीच गुलामगिरी एकदा रद्द केली होती. परंतु नेपोलियनने १८०२ मध्ये ती पुन्हा आणली. त्यामुळे एका पिढीला मिळालेले स्वातंत्र्य पुढच्या पिढीला पुन्हा नव्याने मिळवावे लागले.

एका मुक्त गुलामाचा अर्धपुतळा ऐन त्या दिवसांत लोकांसमोर आला. तो वाकलेला नव्हता, गुडघे टेकून कृपा मागत नव्हता. गुलामगिरीच्या विरोधात निघालेल्या चित्रांतही तोवर कृष्णवर्णीय माणूस बहुधा हात जोडलेला, साखळदंडातला, दुसऱ्याने सोडवावे म्हणून याचना करणारा असे. कोर्दिएचा सैद रोमन सेनापतीसारखा ताठ आहे. पुढे आपल्या आठवणी लिहिताना कोर्दिएने म्हटले आहे, की आपल्या कलेत विषयाचे नावीन्य होते, गुलामगिरीविरुद्धचे बंड होते आणि नुकत्याच जन्मलेल्या मानववंशशास्त्राचा आरंभही होता. या तीन गोष्टी त्याने एका दमात सांगितल्या. त्यांतील दुसरी आणि तिसरी यांचे एकमेकींशी पटत नव्हते, हे त्याच्या ध्यानात आले नसावे.

१८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनात या पुतळ्याची ब्राँझ प्रत मांडली गेली आणि ती व्हिक्टोरिया राणीने खरेदी केली. त्याच वर्षी कोर्दिएने जोडीला एका आफ्रिकन तरुणीचा अर्धपुतळा केला. पुढे तो ‘आफ्रिकन व्हीनस’ या नावाने ओळखला जाऊ लागला. व्हीनस ही रोमनांची सौंदर्यदेवता. शतकानुशतके ती शुभ्र संगमरवरात कोरली जात होती. ती काळसर ब्राँझमध्ये आणि आफ्रिकन चेहऱ्याने अवतरावी, ही गोष्ट त्या काळी धाडसाचीच होती. येथे ब्राँझची काळसर छटा केवळ धातूची राहिली नाही, ती त्वचेचीही झाली.

नावाचे काय झाले?

हा पुतळा ज्याच्यावरून घडला त्याचे नाव सैद एन्केस, हे आपण पाहिले. १८४८ च्या प्रदर्शनात मात्र त्याचे नाव छापले गेले ते ‘सैद अब्दल्ला, मायाक टोळीचा, दारफूरचे राज्य’ असे. निदान नाव, टोळी, देश एवढे तरी तेथे होते. नंतर ब्राँझच्या प्रती निघाल्या तेव्हा त्याच पुतळ्याला ‘तिंबक्तूचा निग्रो’ म्हटले जाऊ लागले. दारफूर सुदानच्या पश्चिम भागात आहे. तिंबक्तू आजच्या माली देशात. दोहोंमध्ये सुमारे तीन हजार किलोमीटरचे अंतर आहे. चेहरा तोच, कपाळावरची रेषही तीच, पण माणूस एका जागेवरून उचलून तीन हजार किलोमीटर दूर नेऊन ठेवला आणि त्याचे नाव मध्येच कोठे तरी टाकून दिले. पॅरिसमध्ये कोणाला त्याचे काहीच वाटले नाही, कारण पाहणाऱ्याला सैद नको होता. त्याला ‘एक आफ्रिकन’ हवा होता. ‘आफ्रिकन व्हीनस’साठी जी तरुणी बसली, तिचे तर नावही आपल्यापर्यंत आलेले नाही. देवतेचे नाव मिळाले आणि स्वतःचे गेले!

याला कारण होते. १८५१ पासून सुमारे पंधरा वर्षे कोर्दिए पॅरिसच्या राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालयासाठी निरनिराळ्या मानववंशांचे पुतळे करीत होता. तेथील मानववंश-दालनात माणसांच्या कवट्या, हाडे, देहावरून काढलेले साचे मांडलेले असत. त्यांच्या शेजारी कोर्दिएचे ब्राँझ ठेवले गेले. याच संग्रहालयाशी साराह बार्टमन या दक्षिण आफ्रिकन स्त्रीची करुण कहाणी निगडित आहे. तिला ‘हॉटेंटॉट व्हीनस’ म्हणून लंडनमध्ये आणि पॅरिसमध्ये पैसे घेऊन लोकांना दाखवले गेले. १८१५ मध्ये ती पॅरिसमध्ये वारली, तेव्हा क्यूव्हिए या नामांकित शास्त्रज्ञाने तिच्या देहाचे विच्छेदन केले. तिच्या शरीराचा साचा आणि सांगाडा विसाव्या शतकाच्या सत्तरीच्या दशकापर्यंत पॅरिसमध्ये लोकांना पाहण्यासाठी ठेवलेला होता. २००२ साली तिचे अवशेष मायदेशी परत गेले आणि तिला मूठमाती मिळाली. १८११ साली मँचेस्टर येथे तिचा बाप्तिस्मा झाला होता. शास्त्रज्ञांच्या टिपणांत ती एक नमुना होती. चर्चच्या नोंदवहीत मात्र ती नाव असलेली एक स्त्री म्हणून नोंदली गेली. ज्या समाजाच्या वहीत ती नोंद झाली, त्याच समाजाने तिचे प्रदर्शनही मांडले, हे विसरता येत नाही.

कोर्दिएला क्यूव्हिएच्या पंक्तीत बसवणे अन्यायाचे होईल. १८५९ मध्ये पॉल ब्रोका याने पॅरिसमध्ये मानववंशशास्त्र परिषद स्थापन केली. कवट्या मोजून कोणता वंश वरचा आणि कोणता खालचा हे ठरवण्याचा खटाटोप त्या वर्तुळात जोरात चालू होता. १८६२ साली त्याच परिषदेपुढे उभे राहून कोर्दिएने सांगितले, की सौंदर्य ही कोण्या एका भाग्यवान वंशाची मालमत्ता नाही. ते सर्वत्र आहे आणि प्रत्येक मानववंशाला स्वतःचे असे सौंदर्य आहे. ज्या सभेत मोजपट्ट्या आणि कवट्या यांचा बोलबाला होता, तेथे असे बोलणे धैर्याचे होते.

पण त्याच भाषणात त्याने आपली पद्धतही सांगितली. एका वंशाची अनेक माणसे तो पाहायचा, त्यांची एकमेकांशी तुलना करायचा, सर्वांत आढळणारी लक्षणे निवडायचा आणि त्यांतून एक आदर्श नमुना घडवायचा. यातच त्याच्या कलेची शोकांतिका दडलेली आहे. नमुना कितीही सुंदर असला तरी त्याला आई-बाप नसतात, बालपण नसते, घराची ओढ नसते. ज्याच्याकडे पाहून तो घडवला, त्या जिवंत माणसाला मात्र हे सारे असते. एखाद्या वंशाचा गौरव करावा, पण त्यातील एका माणसाचेही नाव विचारू नये, हा कोणत्या प्रकारचा गौरव म्हणायचा?

अल्जीरियाचा दगड

१८५६ साली सरकारी अनुदान घेऊन कोर्दिए अल्जीरियात गेला. तेथील ऑनिक्स नावाच्या पट्टेदार, अर्धपारदर्शक दगडाच्या खाणी रोमनांना ठाऊक होत्या. त्या नुकत्याच पुन्हा उघडल्या होत्या. कोर्दिएला तो दगड फार आवडला. तेव्हापासून त्याने एक नवी रीत स्वीकारली. चेहरा ब्राँझचा, वस्त्रे ऑनिक्सची, क्वचित चांदीचा मुलामा, क्वचित मिन्याचे काम. १८५७ च्या प्रदर्शनात मांडलेले त्याचे ‘सुदानचा पुरुष’ हे शिल्प याच रीतीचे असून ते सम्राट तिसऱ्या नेपोलियनसाठी विकत घेतले गेले. आज ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. त्याच्या शिल्पांत अल्जिअर्सची यहुदी स्त्री आहे, मूर स्त्री आहे, आणि वेस्ट इंडीजच्या फ्रेंच वसाहतींतील संमिश्र वंशाची ‘काप्रेस’ही आहे. त्यांच्या अंगावरील दगडी वस्त्रांच्या चुण्या इतक्या जिवंत आहेत की हात लावून पाहावेसे वाटते.

ती वस्त्रे कोठल्या खाणीतून आली, हे लक्षात आले की मन थोडे चपापते. चेहरे अल्जीरियाचे, दगडही अल्जीरियाचा. सही मात्र पॅरिसच्या कलावंताची आणि खरेदी फ्रान्सच्या सम्राटाची. जेत्यांनी तेव्हा दगडच काय, प्रार्थनास्थळेही घेतली होती. अल्जिअर्समधील केचावा मशीद १८३२ साली फ्रेंचांनी ताब्यात घेतली आणि तिचे कॅथेड्रल केले. अल्जीरिया स्वतंत्र झाल्यावर १९६२ मध्ये ती पुन्हा मशीद झाली. आपण कॅथलिकांनी हा इतिहास लपवू नये. बळाने मिळवलेल्या भिंतींत वाहिलेली स्तुती देवाला किती रुचली असेल, हे तोच जाणे.

कार्पोचा प्रश्न

कोर्दिएच्या जन्मगावापासून फार दूर नसलेल्या व्हालेंसिएन येथे त्याच १८२७ साली झां-बाप्तिस्त कार्पो जन्मला. तोही रूदकडे शिकला. पॅरिसच्या वेधशाळेजवळच्या कारंज्यासाठी त्याने चार खंडांच्या प्रतीक असलेल्या चार ब्राँझच्या स्त्रिया घडवल्या. चौघी मिळून आकाशगोल पेलून धरतात. १८७४ मध्ये ते कारंजे उभे राहिले. त्यातील आफ्रिकेच्या पायात तुटलेली बेडी आहे. या कामाच्या तयारीतूनच १८६८ साली दोरांनी करकचून बांधलेल्या एका कृष्णवर्णीय स्त्रीचा अर्धपुतळा निर्माण झाला. ती मान वळवून वर पाहते आहे आणि बैठकीवर एक प्रश्न कोरला आहे: गुलाम म्हणून जन्मायचे तरी का?

तोवर फ्रान्समधील गुलामगिरी संपून वीस वर्षे लोटली होती आणि अमेरिकेतील तीन. मग ही स्त्री पुन्हा दोरांत का बांधली गेली? तिची वेदना पाहून लोक हळहळत, आणि ती हळहळ विकाऊही होती. कार्पोच्या कार्यशाळेतून प्लास्टर, भाजलेली माती, ब्राँझ अशा निरनिराळ्या रूपांत या पुतळ्याच्या प्रती विकल्या गेल्या. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०२२ मध्ये याच पुतळ्याभोवती एक प्रदर्शन मांडून हाच प्रश्न विचारला, की हा मुक्तीचा जयजयकार आहे की बंधनाची विक्री? माझ्या मते तो दोन्ही आहे. कलावंताच्या मनात करुणा होती, हे चेहऱ्यावरून दिसते. पण जिला पुतळ्यासाठी बसवले, तिचे नाव त्या बैठकीवर नाही.

आपल्या किनाऱ्यावर

वाचकांना वाटेल, हा सारा दूरदेशीचा इतिहास. आपला त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे. डच प्रवासी लिन्शोटेन १५८३ पासून काही वर्षे गोव्यात राहिला. तेथील हमरस्त्यावर इतर मालाबरोबर माणसेही विकली जात, आणि त्यांत आफ्रिकेहून आणलेले गुलाम असत, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्या रस्त्यावरून ख्रिस्ती माणसे मिस्साला जात होती. आणि ज्या काळात कोर्दिए पॅरिसमध्ये वंशांचे नमुने घडवीत होता, त्याच काळात, १८६३ आणि १८६६ साली, विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने मुंबईच्या रहिवाशांचे जातिवार फोटो दोन खंडांत प्रसिद्ध केले. माणसे एकीकडे उभी करायची, मागचे दृश्य दुसरीकडचे चिकटवायचे आणि खाली जातीचे नाव छापायचे, अशी त्याची रीत होती. आपल्याच पूर्वजांसारखे लोक त्या पानांवर आहेत. त्यांची जात कळते, नाव कळत नाही. सैदचे जे पॅरिसमध्ये झाले, तेच त्यांचे मुंबईत झाले.

चौथऱ्यावरचा बिशप

कोर्दिएच्या उत्तरायुष्यातील एक काम आपल्याला विशेष जवळचे वाटेल. १८७७ साली मेक्सिको शहरातील प्रशस्त राजरस्त्यावर त्याने घडवलेले कोलंबसाचे स्मारक उभे राहिले. चौथऱ्यावर चार धर्मगुरूंचे ब्राँझचे पुतळे होते. त्यांतील एक डॉमिनिकन संघाचा बिशप बार्तोलोमे दे लास कासास. अमेरिकेतील मूळ रहिवाशांवर ख्रिस्ती विजेत्यांनी जे अत्याचार केले, त्यांविरुद्ध या माणसाने आयुष्यभर लढा दिला. १५१४ साली त्याने आपल्या वाट्याला आलेल्या वेठबिगारांना मुक्त केले. १५५० साली स्पेनमधील व्हायादोलिद येथे सेपुल्वेदा या पंडिताशी वाद घालताना, हे लोक पूर्ण अर्थाने माणसे आहेत, हे त्याने ठासून सांगितले.

पण त्याच लास कासासने १५१६ साली मूळ रहिवाशांचे हाल थांबावेत म्हणून आफ्रिकेतून गुलाम आणावेत, अशी सूचना केली होती. एकाला वाचवण्यासाठी त्याने दुसऱ्याला खाईत लोटले. पुढे त्याला आपली चूक कळली. जितका एकाचा छळ अन्याय्य तितकाच दुसऱ्याचाही, हे त्याने आपल्या इतिहासग्रंथात पश्चात्तापाने नमूद केले. तो ग्रंथ १५६६ मधील त्याच्या मृत्यूनंतर तीन शतके छापला गेला नाही. तो प्रसिद्ध होऊ लागला १८७५ साली, म्हणजे कोर्दिएचा हा पुतळा उभा राहण्याच्या अवघी दोन वर्षे आधी! पोप सोळावे ग्रेगरी यांनी गुलामांच्या व्यापाराचा स्पष्ट निषेध केला तो १८३९ साली. त्याआधी कित्येक पिढ्या ख्रिस्ती राजांनी, व्यापाऱ्यांनी आणि धर्मसंस्थांनीही गुलाम बाळगले होते.

ज्या कलावंताने आपल्या कारकिर्दीचा आरंभ एका मुक्त गुलामाच्या चेहऱ्याने केला, त्याच्याच हातून लास कासासचाही चेहरा घडावा, हा योगायोग मला फार अर्थपूर्ण वाटतो. दोघेही, शिल्पकार आणि बिशप, आपल्या काळाच्या पुढे पाहात होते आणि दोघांनाही जवळचे काही दिसले नाही. फरक इतकाच, की बिशपला आपल्या आंधळेपणाची जाणीव झाली आणि त्याने ती लिहून ठेवली. कोर्दिए १९०५ साली अल्जिअर्स येथे वारला. ऑक्टोबर २०२० मध्ये निदर्शनांच्या आधी मेक्सिकोतील ते पुतळे चौथऱ्यावरून उतरवण्यात आले. पुढच्या वर्षी स्त्रियांनी त्या रिकाम्या चौथऱ्यावर, अन्यायाशी झुंजणाऱ्या स्त्रियांची आठवण म्हणून, मूठ उंचावलेल्या एका स्त्रीची आकृती उभी केली.

नाव परत करणे

मग या ब्राँझचे करायचे काय? काही जण म्हणतील, ही साम्राज्याची लूट आहे, ती तळघरात टाका. काही म्हणतील, कला ही कला आहे, तिला राजकारणात ओढू नका. दोन्ही उत्तरे सोपी आहेत आणि म्हणूनच अपुरी आहेत. पुतळा तळघरात टाकला तर सैदचा चेहराही अंधारात जाईल. त्याच्या हयातीचा तोच तर पुरावा आहे. केवळ कला म्हणून पाहिला, तर आपणही त्याचे नाव विसरणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभे राहू.

२०१९ साली ओर्से संग्रहालयाने एक वेगळी वाट दाखवली. कृष्णवर्णीय मॉडेलांवरील एका मोठ्या प्रदर्शनात त्यांनी जुन्या कलाकृतींना नव्या पाट्या लावल्या. अभिलेख आणि वेतनाच्या नोंदी धुंडाळून ज्या ज्या मॉडेलांची नावे सापडली, ती कलाकृतीच्या नावात घातली. मारी-गिलमिन बनुआ या चित्रकर्तीने १८०० साली रंगवलेल्या एका प्रसिद्ध चित्रातील स्त्री दोनशे वर्षे केवळ ‘निग्रो स्त्री’ होती. तेथे ती ‘मादलेन’ झाली. त्या पाटीने चित्राचा एकही रंग बदलला नाही, पण पाहणाऱ्याची दृष्टी बदलली.

आपल्याकडे बाप्तिस्म्याच्या विधीत आई-वडिलांना पहिला प्रश्न विचारला जातो तो बाळाच्या नावाचा. वंश, रंग, कुळ, गाव यांची चौकशी तेथे होत नाही. आधी नाव सांगितले जाते आणि मग बाकी सारे. सैद एन्केस ख्रिस्ती नव्हता, मुसलमान नावाचा तो एक परदेशी मजूर होता. पण देवाने ज्याला घडवले त्याला नावाने हाक मारावी, एवढे ऋण आपण त्याचे लागतो. आपल्या गावात वीटभट्टीवर, मच्छीमार बोटींवर, बांधकामांवर दूरदूरहून आलेली माणसे राबत असतात. ‘तो बिहारी’, ‘ती आदिवासी बाई’, ‘तो नेपाळी’ असे आपण सहज बोलून जातो. कोर्दिएने निदान चेहरा तरी नीट पाहिला होता. आपण तर तोही पाहात नाही. पुढच्या वेळी त्यांच्यापैकी कोणी दारात आला, तर आधी त्याचे नाव विचारू या.